रुमालाखालचा भाव

मी रुमाल बोलतोय. खिशात घडी घालून ठेवतात आणि सर्दी झाली की आठवतात, तो रुमाल मी नव्हे. त्याचं माझं नातं नावापुरतं. मी चांगला दीड वार लांब, पांढरा, तांबड्या काठाचा, खांद्यावर टाकायचा रुमाल आहे. मालेगावच्या बोकडांच्या बाजारात एका दलालाच्या खांद्यावर माझी बावीस वर्षं गेली.

जन्मही माझा मालेगावातच, एका यंत्रमागावर झाला. मी अर्धा विणून झालो आणि लाईट गेली. माग थांबला, तासाभराने परत खडखडायला लागला, पण तेवढ्यात माझ्या अंगावर एक जाड आडवी रेघ राहून गेली. कारखानदाराने मला बघितलं, तोंड वाकडं केलं आणि खराब मालाच्या गठ्ठ्यात फेकलं. तिथून मला त्या दलालाने, रियाजभाईंनी निम्म्या किमतीत उचललं. "रेघेनं काय बिघडतं? आपल्याला झाकायचंच काम आहे," असं ते म्हणाले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

अर्थ पहिल्याच बाजारात कळला. आमच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दलाल आणि समोरचा माणूस एकमेकांच्या हातात हात देतात, वरून माझ्यासारखा रुमाल टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा दाबला की पाच. हजार की शंभर, ते त्या दोघांना ठाऊक. तोंडाने मात्र भलतंच चाललेलं असतं. "गुडघा कसा आहे?" "तेल लावतोय." आणि आत नऊ हजारांवरून साडेआठांवर घासाघीस. शेजारी उभ्या माणसाला वाटावं, दोघं तेलाबद्दलच बोलतायत.

रियाजभाई आधी गिऱ्हाइकाचा हात धरायचे, मग विकणाऱ्याचा. एकाचा भाव दुसऱ्याला कळायचा नाही. मधलं जे उरायचं, ते रियाजभाईंचं. यात लबाडी नव्हती का? होती. मी कापड असलो तरी खोटं कशाला बोलू? पण रियाजभाईंचा एक नियम होता. रुमालाखाली ठरलेलं ते घरी बायकोला, नूरबानोलाही सांगायचे नाहीत. ती बिचारी पहिली दोन वर्षं विचारून थकली, मग तिने तो नाद सोडला.

आता कलाबाईचं सांगतो. ती मालेगावच्या अलीकडच्या एका खेड्यातली. तिचा नवरा सावळीराम दरवर्षी बकरी ईदच्या आधी एक बोकड आणायचा. तो गेला, त्या साली कलाबाई एकटीच आली. डोक्यावर पदर, हातात दोरी आणि दोरीला अठ्ठावीस-तीस किलोचा बोकड. हात रुमालाखाली घालायला ती बिचकत होती. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा, तोही भर बाजारात! रियाजभाईंनी तिचा हात धरला नाही. फक्त एकेक बोट अलगद टेकवलं.

गिऱ्हाइकाने नऊ हजार दिले होते. रियाजभाईंनी आत कलाबाईला साडेदहा सांगितले. मी चमकलोच. त्याच दिवशी सकाळी तिच्याच गावच्या भिमाजीच्या बोकडातून त्यांनी पाचशे राखले होते, आणखी दोघांकडून थोडे थोडे. ते सगळं इकडे आलं. सावळीराम गेला म्हणून द्यायचं होतं, पण तसं म्हणून दिलं असतं तर कलाबाईने घेतलं नसतं. म्हणून रियाजभाई तोंडाने म्हणाले, "ताई, बोकड जोरदार आहे. काय खाऊ घालता?"

"बाभूळना शेंगा, अन् मक्याचा भरडा," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. पदराआड हसली. त्या दिवशी बाजारात आल्यापासून पहिल्यांदाच.

पुढची सहा वर्षं हेच चाललं. कलाबाईची चाल बदलली. ती मान वर करून बाजारात शिरायची. गावात सांगायची की माझ्या बोकडाला सगळ्यांपेक्षा जादा भाव मिळतो. बायका तिला चाऱ्याचं विचारायला यायच्या. ती करडांना स्वतः चोळून आंघोळ घालायची, पायात काटा मोडला तर सुईने काढायची. आणि खरं सांगू? बोकड दर साली खरोखरच आधीपेक्षा चांगला येत गेला. माझ्या कडेला त्यांच्या अंगाची घसट लागते, मला केसांची चमक कळते.

मग फलकचं कॉलेज सुरू झालं. फलक म्हणजे रियाजभाईंची एकुलती एक मुलगी. घरातली नाशिकला वसतिगृहात राहून शिकणारी पहिली. विषय घेतला अर्थशास्त्र. सुट्टीत घरी आली की ती मोठ्याने वाचायची आणि मी खुंटीवरून ऐकायचो. मागणी वाढली की किंमत वाढते. पुरवठा वाढला की किंमत उतरते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे समतोल किंमत. रियाजभाई चहा पिता पिता म्हणायचे, "बेटा, हे तर आमच्या बोकडालाही माहीत आहे."

"मग हे सांगा," फलक म्हणायची. "पूर्ण स्पर्धेत विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला बाजाराचं पूर्ण ज्ञान असतं. तुमच्या बाजारात कुणाला आहे?"

रियाजभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि जोरात हसले. पोरीला इतकं कळतं याचंच त्यांना अप्रूप होतं.

त्या पुस्तकात एक वाक्य पानोपानी यायचं, इतर परिस्थिती कायम असताना. मला त्याची गंमत वाटायची. बावीस वर्षांत मी एकही बाजार असा बघितला नाही जिथे इतर परिस्थिती कायम होती. कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणाला दवाखाना असतो, कुणाची एसटी सुटणार असते. पण पुस्तकापुढे रुमालाचं कोण ऐकतं.

पहिल्याच वर्षी फलकला प्रकल्प मिळाला. तिच्या अंजली मॅडमनी सांगितलं होतं की आपल्या जवळचा एक बाजार निवडा आणि किंमत कशी ठरते ते दाखवा. फलक ईदच्या आधीच्या बाजारात वही आणि वजनकाटा घेऊन येऊन बसली. व्यवहार झाला की बोकड काट्यावर, आणि विकणाऱ्याला प्रश्न, "किती मिळाले?" एरवी हे विचारणाऱ्याला बाजाराने हाकलून दिलं असतं. पण ती रियाजभाईंची पोरगी. लोकांनी हसत हसत सांगितलं. कलाबाईने तर कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "साडेदहा! ठळक लिही बाई." फलकने ठळक लिहिलं.

आठ दिवसांनी नाशिकहून फोन आला. मी खांद्यावरच होतो, सगळं ऐकलं.

"अब्बा, माझ्या तक्त्यात एक ओळ जुळत नाही. भिमाजीकाकांचा बोकड एकोणतीस किलो, भाव साडेआठ. कलामावशींचा एकोणतीसच किलो, आणि साडेदहा. मॅडम म्हणतात, कारण शोध. कारणाशिवाय मार्क नाहीत."

 मला वाटलं, आता ते नेहमीसारखं काहीतरी बोलतील, गुडघा, तेल, काहीही. पण पोरगी अभ्यासाचं विचारत होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आपल्याला अभ्यासाचं विचारतंय, याचा त्यांना आनंद झाला असावा. बावीस वर्षांचा नियम त्यांनी त्या एका फोनवर मोडला. सावळीराम, पहिलं साल, भिमाजीचे पाचशे, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "तुझ्यापुरतंच हं, बेटा."

फलकने ते तिच्यापुरतं ठेवायचं म्हणजे काय समजावं? तिने गावभर सांगितलं नाही, मैत्रिणींना सांगितलं नाही. फक्त तक्त्यात शेरा लिहिला. "विक्रेती विधवा. दलालाने सहानुभूतीने जादा किंमत दिली, ती इतरांच्या भावातून (भिमाजी, पाचशे रुपये) राखून. वस्तूच्या दर्जाशी संबंध नाही." शेवटचं वाक्य मॅडमना आवडेल असं तिला वाटलं. मॅडमना आवडलंही. नावं काढून टाकावीत हे ना तिला सुचलं, ना मॅडमना.

तक्ता कॉलेजच्या प्रदर्शनात लागला. मालेगावकडच्याच कुणा विद्यार्थ्याने आपल्या बाजाराचं नाव बघून कौतुकाने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. नाशिकहून येताना चांदवडचा घाट उतरायला एसटीला वेळ लागतो, फोटोला लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिमाजीच्या मोबाईलमध्ये होता.

भिमाजी पुढच्या बाजारात तरातरा आला. "रियाजभाई, माझे पाचशे कापून तुमी पुण्य कमावलं? लय भारी! माझ्या घरात काय सोन्याची खाण हाय?" त्याचं चुकलं नव्हतं. रियाजभाईंनी मान खाली घातली. भिमाजी आणखीही एक गोष्ट बोलला, पण ती हळू आवाजात, चहाच्या टपरीवर, नंतर. रागाच्या भरात त्याने गावच्या पारावर कलाबाईला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "तुझ्या बोकडाला भाव नव्हता, तुझ्या पांढऱ्या कपाळाला होता." सांगताना त्याचा चहा तसाच निवत होता. "मी बोलायला नको व्हतं," तो म्हणाला. पण बोलून झालं होतं.

वर्षभर कलाबाई बाजारात दिसली नाही. यंदा ईदच्या आधी आली. फलकही सुट्टीला आलेली, वडिलांशेजारी उभी होती. कलाबाईला बघून ती दोन पावलं मागे सरकली.

रियाजभाईंनी सवयीने मला खांद्यावरून उतरवलं आणि हात पुढे केला. कलाबाईने हात पदराखालीच ठेवला.

"रुमाल नको भाऊ. तोंडवर सांग."

"ताई, असं कसं..."

"आधी काटा लाव."

बोकड काट्यावर चढला. बत्तीस किलो. आजूबाजूचे दलाल, गिऱ्हाइकं, बोकडांची दोरी धरलेली माणसं, सगळे बघत होते. भिमाजीही होता. मी रियाजभाईंच्या मुठीत चुरगळलो होतो. त्या दिवशी बाजार उतरलेला होता. बत्तीस किलोला कुणी नऊ हजार तीनशेच्या वर द्यायला तयार नव्हतं. रियाजभाईंना जास्त सांगायचं होतं. पण आता एक रुपया जास्त सांगितला असता तरी तो सगळ्या बाजाराला दया म्हणूनच ऐकू गेला असता. आणि कमी सांगणं त्यांच्या जिवावर येत होतं.

"नऊ हजार तीनशे," ते म्हणाले. माझ्या बावीस वर्षांत मी त्यांना तोंडाने भाव सांगताना पहिल्यांदाच ऐकलं.

"बाकीसले बी एवढाच का?"

"हो ताई. सगळ्यांना एवढाच."

"मग दे."

तिने पैसे घेतले, दोरी दिली. निघताना थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "भाऊ, माले वाटायचं, मना बोकड चांगला शे." आणि गेली. बोकड तिच्यामागे ओरडत राहिला. तिने वळून बघितलं नाही.

फलक तिथेच रडायला लागली. रियाजभाई तिला रागावले नाहीत. त्यांनी माझ्या टोकाने तिचे डोळे पुसले, इतकंच.

परवा भिमाजीनेच बातमी आणली की कलाबाईने शेळ्याही विकून टाकल्या. आता ती कांद्याच्या खळ्यावर रोजाने निवडायला जाते. फलकला त्या प्रकल्पात वीसपैकी अठरा मिळाले होते. तिने तो कागद फाडून टाकला. म्हणाली, "अब्बा, मी मावशींकडे जाते. माफी मागते. बोकड खरंच चांगला होता म्हणून सांगते."

"कोण सांगणार?" रियाजभाई म्हणाले. "तू सांगितलंस तर म्हणेल, दलालाची पोरगी, बापाची चूक झाकतेय. मी सांगितलं तर म्हणेल, पुन्हा दया आली. बोकड खरंच चांगला होता गं. सगळ्यांत चांगला. पण आपल्या दोघांच्या तोंडून तिला ते आता खरं वाटायचं नाही."

त्या बाजाराच्या दिवसापासून मी घरीच आहे. बाजारात आता बरेच जण भाव मोठ्याने सांगतात. ते बरंच झालं म्हणायचं, भिमाजीसारख्यांचे पाचशे तरी वाचले. रियाजभाई जातात, पण खांदा मोकळा ठेवून जातात. माझ्यावर नूरबानो उन्हात शेवया वाळवते. मी विरलोय, आणखी एखादं साल निघेल.

मला पाय असते तर मी स्वतः गेलो असतो. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाल तर एवढं करा. खळ्यावर डोक्यावर पदर घेतलेली कलाबाई विचारा. रियाजभाईंचं नाव काढू नका, फलकचंही नको. तुम्ही परके आहात, तुमचं ती कदाचित ऐकेल. तिला सांगा, बाई, तुझा बोकड चांगला होता.