नव्या माणसाले अर्धं घमेलं

माह्या तोंडाले घरात सगळे भितात, हे मी आधीच सांगून टाकते. माहा नवरा सुशील पंचवीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटच्या रेल मिलमधी गरम लोखंडाजवळ उभा राहिला, पण माह्यासमोर दोन वाक्यं झाली का तो पेपर उघडून बसते. मी कोणाचं वाईट चिंतत नाही. आवाजच मोठा आहे अन् पारा लवकर चढते. रसमड्याच्या एका फॅक्टरीत मी स्टोअरमधी काम करते, तिथं दिवसभर मशिनच्या वर आवाज काढावा लागते, असं मी लोकायले सांगते. खरं म्हणजे फॅक्टरी लागायच्या आधीपासून आवाज असाच आहे.

माही पोरगी खुशबू बावीस वर्षांची. रेल्वेच्या भरतीची लेखी परीक्षा ती दुसऱ्या खेपेत पास झाली. पहिल्या खेपेत दोन मार्कांनी राहिली होती, तेव्हा तीन दिवस नीट जेवली नाही. आता फक्त शारीरिक चाचणी बाकी होती. पोरींनी एक हजार मीटर पाच मिनिटं चाळीस सेकंदांत धावायचं, अन् वीस किलोचं वजन उचलून दोन मिनिटांत शंभर मीटर न्यायचं, मधी खाली न ठेवता. दोन्हीले एकेकच चान्स. हाती सहा आठवडे होते. अन् पोरगी दोन वर्षं खुर्चीवर बसून अभ्यास करत होती. धावायचं तर सोडाच, स्मृति नगरच्या चौकातून कोथिंबीर आणायची तरी स्कूटी काढे.

माहे बाबा, रामाजी, भिलाई-३ च्या रेल्वे यार्डात गँगमन होते. गोंदियाकडून एक ट्रंक घेऊन आले अन् त्या एका नौकरीवर आम्ही पाच भावंडं शिकलो. मी मात्र अठरा वर्षांपासून कॉन्ट्रॅक्टवर आहे. दर मार्चमधी ठेकेदार बदलते, अन् नवा ठेकेदार आपल्याले ठेवीन का नाही, या विचारात पंधरा दिवस जीव टांगणीले लागते. ते माह्या पोरीच्या वाट्याले येऊ नये, एवढंच माह्या डोक्यात होतं. बाकी काहीच नव्हतं, अन् तिथंच चुकलं.

सुशील म्हणत होता का आधी आठ दिवस तिले नुसतं चालू द्यावं, मग थोडं धावावं. मी म्हणलं, चालायले रेल्वेनं बोलावलं नाही. त्यानं पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचले मी तिले उठवलं अन् कपाटातून सेफ्टी शूजचा नवा जोड काढला. फॅक्टरीतून दर वर्षी एक जोड भेटते. समोर लोखंडाची टोपी, खाली जाड तळ, एकेक बूट हातात घेतला तरी वजन कळते. आम्हा मायलेकींचा नंबर एकच. मी ठरवून टाकलं का या जड बुटात सराव केला म्हणजे चाचणीच्या दिवशी हलके बूट घातल्यावर पोरगी वाऱ्यासारखी सुटन. अन् एवढं मजबूत पायात असल्यावर पायाले होणार काय? हसू नका. आमच्या भिलाईत लोक सेफ्टी शूज घालून लग्नाले जातात, क्रिकेट खेळतात, पोरगी पाहायलेही जातात. ज्या बुटावर दोन पिढ्या जगल्या, त्याच्यावर शंका कोण घेईन?

ग्राउंडवर दव होतं, चिखल होता, म्हणून मी तिले प्लांटच्या कॉलनीतल्या सेक्टरकडच्या डांबरी रस्त्यावर नेलं. मी नाल्यावरच्या छोट्या पुलावर, पुलियावर, मोबाइलचं घड्याळ घेऊन बसली. पहिल्याच दिवशी पुरे हजार मीटर. सात मिनिटं पन्नास सेकंद लागले. आली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता. मी पाणी दिलं अन् सांगतलं का पाच मिनिटं बस, मग आणखी एकदा.

दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर ती म्हणाली का नडगी दुखून राहिली. मी म्हणलं, नवीन आहे, दुखनच. अन् वर काय म्हणलं ते पुढं सांगते.

आठ दिवसांत ती सहा मिनिटं पन्नासवर आली. पंधरा दिवसांत सहा मिनिटं पाच. मी फॅक्टरीत सगळ्यायले सांगत सुटली. घरी पोरगी जिना उतरताना आडवी उतरायची, एक एक पायरी, हात भिंतीले लावून. बाथरूममधून बामचा वास यायचा. मले वाटलं, व्यायामाचं अंग आहे, मुरन. तक्रार तर ती करून नव्हती राहिली. उलट मी खूष होते का पोरगी शहाणी झाली.

तिसऱ्या आठवड्यात वजन सुरू केलं. आमच्या बाजूच्या प्लॉटवर घर बांधून राहिले होते, तिथून रेती मागून मी पोत्यात वीस किलो भरली, स्टोअरची बाई आहे, वजनात मी चुकत नाही. खुशबूनं कमरेतून वाकून पोतं ओढलं, कसंबसं खांद्यावर घेतलं अन् आमच्या गल्लीतून चालू लागली. मी मागून ओरडत होते का पाय उचल, पाय उचल.

बांधकामावर मैनाबाई नावाची रेजा, म्हणजे मजूर बाई, होती. पन्नाशीची असंन, काटक, कानात चांदीच्या खिनवा. विटा वाहून वाहून मान अशी सरळ का डोक्यावर घमेलं असो नसो, चाल तीच. ती काम सोडून गेटजवळ आली अन् पाहत उभी राहिली. मग तिनं मले विचारलं का पोरीले किती दिवस झाले हे करून. मी सांगतलं, पंधरा-सोळा.

"नवा मनखे ला हमन आधा घमेला देथन, दीदी," ती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली.

मग तिनं समजावून सांगतलं. साइटवर नवी बाई आली का पहिले आठ दिवस तिच्या घमेल्यात अर्धाच माल टाकतात. ती कितीही म्हणाली का भरा, तरी नाही भरत. ठेकेदार बोंबलला तरी बाया ऐकत नाहीत. कारण नवीन बाईले लाज वाटते, ती दुखलं तरी सांगत नाही, पुरं वजन उचलते अन् दहाव्या दिवशी घरी बसते. म्हणून तिले विचारायचंच नाही, भरणारीनंच हात आखडायचा.

मले राग आला. मी म्हणलं, बाई, तुमच्या घमेल्यात अन् रेल्वेच्या परीक्षेत फरक आहे. खुशबूनं पोतं ठेवलं होतं, तर मैनाबाई तिच्यासमोर खाली बसली, सलवार घोट्यापासून वर सारली अन् नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. खुशबूच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी ती जन्मल्यापासून ऐकला नव्हता. हाडावर हाताच्या पंज्याएवढी जागा सुजली होती, चकाकत होती.

"कावून नाही सांगतलं मले?" मी म्हणलं.

"सांगतलं होतं, मम्मी. दुसऱ्याच दिवशी. तू म्हणाली, नाटकं बंद कर, नाही तर तुह्या हातात झाडू देते. फिर मैंने नहीं बताया."

पोरगी भांडत नव्हती. नुसतं सांगत होती. अन् मैनाबाई समोर बसली होती, रेतीचे हात तसेच. मले इतकी लाज वाटली का मी आत जाऊन उगाच गॅस पेटवला अन् परत बंद केला.

त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो. नडगीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले का हाड अजून तडकलं नाही, पण तडकायच्या बेतात आहे. दोन आठवडे धावणं पुरं बंद. सवय नसलेल्या हाडाले भार हळूहळू द्यावा लागते, असं म्हणाले, अन् कोणते बूट घालून धावली ते विचारलं. मी सांगतलं. त्यांनी पेन खाली ठेवून माह्याकडे पाह्यलं. सुशील खिडकीबाहेर पाहत होता. आधी आठ दिवस नुसतं चालू द्यावं, हे त्याचंच म्हणणं होतं.

चाचणीले सव्वीस दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं माही झोप उघडली. पोरगी झोपली होती. मी ते बूट पायात घातले अन् एकटीच त्या डांबरी रस्त्यावर गेली. मले पाहायचं होतं. धावायले सुरुवात केली अन् शंभर-दीडशे मीटरवर, कडुनिंबाच्या झाडाशी, थांबली. पायाले दगड बांधल्यासारखे. टाच रस्त्यावर पडली का दणका गुडघ्यापर्यंत जाये. या बुटात मी पोरीले रोज दोन-दोन हजार मीटर पळवलं, अन् पुलियावर बसून घड्याळ पाह्यलं. मी तिथंच खाली बसून रडली. दूधवाला थांबून विचारू लागला, काय झालं काकू. मी त्याच्यावरही खेकसली.

ते दोन आठवडे माह्याइतके कोणालेच जड गेले नसतील. खुशबू बर्फ लावे, पाय उशीवर ठेवे, डॉक्टरांनी सांगतलेले पोटऱ्यांचे व्यायाम करे. मी गप्प बसायचा प्रयत्न करे, ते मले जमत नव्हतं, म्हणून भांडे घासे. सुशीलनं तिले धावायचे खरे बूट आणून दिले, हलके, खाली मऊ. मी मैनाबाईकडे चहा घेऊन गेली. माफी वगैरे मागता आली नाही, पण चहा आलं घालून केला होता. तिनं समजून घेतलं. संध्याकाळी सुट्टी झाली का ती खुशबूले वजन उचलायले शिकवे. पोत्यात आधी दहाच किलो. कमरेतून नाही, गुडघ्यातून बसायचं, पोतं छातीशी घ्यायचं, मग उठायचं. पोतं किती भरायचं ते मैनाबाई ठरवे. मी फक्त रेती आणे.

पंधराव्या दिवसापासून मातीच्या ग्राउंडवर सराव सुरू केला. आधी दहा मिनिटं चालणं, मग एक मिनिट धावणं अन् दोन मिनिटं चालणं. एक दिवस धावली का एक दिवस आराम. मी घड्याळ घरी ठेवू लागली. शेवटच्या आठवड्यात ती न थांबता सातशे मीटर धावली, बिना दुखता. पुरं हजार जोरात धावून पाहायले डॉक्टरांनी मनाई केली होती. म्हणजे होईन का नाही, हे कोणालेच माहीत नव्हतं.

चाचणी बिलासपूरले होती. आम्ही तिघं पहिल्या गाडीनं गेलो. मैदानाच्या गेटवर पोरींची लाइन लागली होती, मायबापांना आत सोडत नव्हते. खुशबूनं बुटाच्या लेस बांधल्या. गाडीत पूर्ण वेळ मी एकच वाक्य मनात घोकत होते, अन् ते तोंडातून निघता निघत नव्हतं. लाइन पुढं सरकली तेव्हा मी तिचा हात धरला.

"दुखलं तर थांबजो," मी म्हणलं. "नौकरी दुसरी पाहू."

तिनं माह्याकडे असं पाह्यलं का तिले खरं वाटलं नाही. खोटं कशाले बोलू, मलेही पुरं वाटलं नव्हतं.

दीड तास आम्ही गेटबाहेर उभे होतो. आतून शिट्टी ऐकू ये, मग पोरींचा गलका, मग परत शिट्टी. सुशील चणे घेऊन आला, कोणीच खाल्ले नाहीत. मग खुशबू गेटमधून बाहेर आली. चालत होती, थोडी लंगडत. माह्यापासून चार हात दूर थांबली.

वजन झालं, ती म्हणाली. एक मिनिट दहा सेकंदांत, एकदाही खाली नाही ठेवलं. मग धावणं. सहाशे मीटरपर्यंत ती पोरींच्या मधोमध होती. मग त्याच जागेवर कळ आली. आधी थोडी, मग चांगलीच. ती थांबली. ट्रॅकच्या बाहेर येऊन बसली.

मी खरं सांगते, पहिल्यांदा मले रागच आला. चारशे मीटर राहिले होते. चारशे मीटरसाठी कोण थांबते? दात दाबून गेली असती तर? अठरा वर्षांचे मार्च माह्या डोळ्यांसमोरून गेले. शब्द ओठांवर आला होता. अन् मले दिसलं का पोरगी चार हात दूर कावून उभी आहे. लहानपणी कप फुटला का ती अशीच उभी राहायची, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर.

मी पिशवी खाली ठेवली अन् तिच्याजवळ गेली.

"बरं केलं थांबली ते," मी म्हणलं.

ती पाहतच राहिली. मग भर रस्त्यात माह्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. नौकरी गेली म्हणून रडली का आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही. मीही रडली. सुशील दोन्ही हातात चण्याच्या पुड्या घेऊन बाजूले उभा होता, अन् त्याले डोळे पुसायले हात मोकळा नव्हता.

परतीच्या गाडीत जागा भेटली. रायपूर गेल्यावर खुशबूनं बूट काढले, पाय उचलून माह्या मांडीवर ठेवला, अन् माही बोटं धरून नडगीवर नेली.

"मम्मी, इथं दुखते," ती म्हणाली. "पहिल्यासारखं नाही. पण दुखते."

मी काही न विचारता तिनं मले सांगतलं होतं. भिलाईचं पॉवर हाऊस स्टेशन येईपर्यंत मी तो पाय तसाच धरून बसली होती.