कपारीतलं पिल्लू आणि चाचीचा समुद्र

मी एक जुनी दुर्बीण आहे. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक छोटी वस्ती आहे. तिथं शिलाईकाम करणाऱ्या हैदरच्या घरात मी खिळ्याला टांगलेली असते. अंगावरचा काळा रंग जागोजाग उडाला आहे आणि डाव्या भिंगात बुरशीचा एक ठिपका बसला आहे. गळ्यात घालायचा माझा पट्टा हैदरच्या शिलाई मशीनच्या जुन्या चामडी वादीचा केलेला आहे. दिसायला मी अशी गबाळी असले तरी एके काळी माझ्यासाठी लोक रांगेत उभे राहत.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की दुर्बिणीला लांबलांबच्या गोष्टी पाहायला मिळतात. ते दुसऱ्यांना मिळतं. माझ्या वाट्याला येतो तो माणसाचा डोळा, अगदी पापण्या टेकतील इतक्या जवळून. लहान मुलांचे डोळे, मोतीबिंदू झालेले डोळे, चष्मा काढून ठेवलेले डोळे, असे कितीतरी मी पाहिले. डोळ्यावरून माणूस ओळखता येतो, असा मला पुष्कळ वर्षं गर्व होता.

माझा कारखाना कोणता ते मला सांगता येणार नाही, कारण अंगावरची अक्षरं केव्हाच घासून गेली. मला आठवतात ते महादेवराव. ते जंगलात वनरक्षक होते. त्यांच्या छातीवर डुलत मी सगळा डोंगर पालथा घातला. मोहाची फुलं वेचून खाणारं अस्वल मी त्यांना दाखवलं, पाणवठ्यावर येणारी चितळं दाखवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला हैदरच्या हाती दिलं.

"डोयानं आता दिसत नाई मले," ते म्हणाले. "तू बुरजावर जात असतो, घेऊन टाक. लोकाईले जे दाखवाचं ते दाखव. पण जो जीव आपल्यापासून लपून राह्यते, त्याले लपून राहू देजो."

हैदरनं मान डोलावली आणि मला फडक्यात गुंडाळून घरी नेलं. तिथून माझे खरे सुखाचे दिवस सुरू झाले.

वस्तीच्या वर टेहळणीचा एक पडका बुरूज आहे. त्याच्यासमोर खोल दरी आणि दरीपलीकडे उभा कडा. हिवाळ्यात लोक तो पाहायला येत. शेगावला दर्शन, लोणारचं सरोवर, सिंदखेडराजा असं करत करत काही जण आमच्याकडेही वळत. हैदर मशीनवरचं काम बाजूला ठेवून त्यांना वर नेई. मला त्यांच्या हाती देई आणि स्वतः मात्र काहीच बोलत नसे. "पयले तुमी सांगा, काय दिसलं?" एवढंच विचारी. पाहुणा पाहिलेलं सांगे, मग हैदर त्याला राहून गेलेलं दाखवी.

खाली उतरल्यावर घरी चहा असे. हैदरची बायको अजीजुन्निसा, हिला सगळे चाची म्हणत. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून तिचे गुडघे कामातून गेले होते. बुरूज तिच्या दारातून दिसे, पण ती कधी वर गेली नव्हती. शेगावच्या पलीकडचं जगही तिनं पाहिलेलं नव्हतं. म्हणून तिनं घरात एक रिवाज पाडला होता. चहा पिऊन झाला की पाहुण्यानं आपण पाहिलेली एक जागा तिला सांगायची. नुसतं "छान आहे" म्हणून कुणाची सुटका होत नसे.

"छान म्हंजे काय?" ती विचारी. "जमीन कशी हाय तिथची? वास कायचा येते?"

कापड बोटांत धरून पोत बघावा तशी ती लोकांचं बोलणं तपासून घेई. डोणगावचे एक गुरुजी कन्याकुमारी सांगता सांगता अडले, तेव्हा तिनं त्यांना दुसरा चहा देऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. वडनेर भोलजीचे कडूबा फक्त अजिंठ्याला जाऊन आले होते. त्यांनी तिथला एक बैल तेवढा सांगितला, कारण तो त्यांच्या घरच्या बैलासारखा होता. चाचीला तो बैल फार आवडला. कुणी तिला राजस्थानची वाळू दिली, कुणी काश्मीरचा बर्फ. खिळ्यावरून मी सगळं ऐकत असे. मित्रांनो, दुर्बिणीशिवाय इतकं लांबचं पाहणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

एका हिवाळ्यात पुण्याची पुष्पांजली आली. फिरणं हाच तिचा व्यवसाय होता. जिथं जाई तिथलं ती मोबाइलवर दाखवत असे आणि लाखो माणसं ते पाहत. तिचा डोळा माझ्यापाशी आला तेव्हा मला तो आवडला. टपोरा, स्वच्छ, घाई नसलेला. चहानंतर तिनं चाचीला समुद्र सांगितला.

"आधी वास येतो, चाची. मिठाचा आणि ओल्या लाकडाचा. मग आवाज. पाण्यात उभं राहिलं की लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. आपण जागच्या जागी असतो, तरी वाटतं की कुणी खालची चादर ओढतंय."

चाचीनं चपला काढल्या आणि पावलं जमिनीवर टेकवली. डोळे मिटून बराच वेळ ती तशीच बसली. मग म्हणाली, "अखीन एकदा सांग."

पुढच्या वर्षी पुष्पांजली आली, त्याच्या पुढच्याही वर्षी आली. दर वेळी चाचीला समुद्रच हवा असे. पोरीनं कधी कंटाळा केला नाही. ती चाचीच्या हातची भाकर-ठेचा खाई, नाकाडोळ्यांतून पाणी काढी, आणि दुपारी चाचीच्या मांडीवर डोकं टेकून झोपे. आम्हा सगळ्यांना ती घरचीच वाटू लागली.

आता मी तुम्हाला कपारीची गोष्ट सांगते. समोरच्या कड्यात, बुरजाच्या डाव्या अंगाला, एक खोल कपार आहे. पूर्वी त्या दरीवर गिधाडांचे थवे फिरत. गुरांना टोचायच्या एका औषधाचं विष मेलेल्या ढोरांत उरे, ती ढोरं खाऊन गिधाडं संपली, आणि आकाश रिकामं झालं. कित्येक वर्षांनी एक जोडी परत आली होती. कपारीत काटक्यांचं घरटं आणि त्यात एकच पिल्लू होतं. हैदर ते कुणाला दाखवत नसे. पाहुणे वर असले की तो माझं तोंड उजवीकडेच ठेवी. घरी आल्यावर मात्र चाचीला सगळं सांगे, आज पिल्लानं मान उचलली, आज पंख झाडले. तिच्यासाठी तोच जगातला सगळ्यात जवळचा प्रवास होता.

त्या तिसऱ्या हिवाळ्यात चाची हैदरला म्हणाली, "ऐकता का, पोरीले पिल्लू दाखवा."

"काऊन वं? महादेवरावले शब्द देला मी."

"तिनं मले समुद्र देला. आपून तिले काय देलं? चहा?"

हैदरला ते पटलं. घेतल्याच्या तोडीचं परत द्यायचं, नाही तर पुढच्या खेपेला कुठल्या तोंडानं मागायचं, ही त्या दोघांची रीत. आणि समुद्राच्या तोडीचं त्यांच्याकडे ते एवढं एकच होतं. मित्रांनो, पुण्यामुंबईच्या शहाण्या माणसानं ही चूक केली नसती.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझं तोंड डावीकडे वळवलं. पुष्पांजलीनं पाहिलं आणि तिचा डोळा भरून आला. मी खोटं सांगत नाही, माझ्या काचेवर ओल आली होती. मग ती हळूच म्हणाली, "चाचा, चाचीनं हे कधीच नाही ना पाहिलं? मी मोबाइलवर घेते. फक्त त्यांना दाखवायला."

हैदरला नाही म्हणता येईना. तिनं मोबाइल माझ्या भिंगाला टेकवला. आजवर तिथं फक्त डोळेच आले होते आणि डोळा मधूनमधून मिटतो. हा मिटत नव्हता. मला कसंसंच झालं, पण चाचीसाठी म्हणून मी पिल्लू जवळ आणलं, होतं तितकं स्पष्ट आणलं.

घरी चाचीनं ते पुन्हा पुन्हा पाहिलं. पिल्लाची उघडी मान पाहून ती पदर तोंडाला लावून हसली. "बोडकं हाय बिचारं. कोनी टोपी शिवून द्या रे याले."

"बेटी, हे बाहेर कोनाले दाखवजो नको," हैदर म्हणाला.

पुष्पांजलीनं चाचीच्या गुडघ्यांवर हात ठेवले. "चाची, तुमची शपथ."

ती गेली. थोड्याच दिवसांनी संग्रामपूरचा ज्ञानेश्वर, पाहुण्यांची जीप घेऊन येणारा, घरी आला आणि त्यानं कौतुकानं मोबाइल पुढं केला. "चाचा, आपलं गाव फेमस झालं." तेच पिल्लू, तीच कपार. बुरजाचं नाव, संग्रामपूरहून यायची वाट, पायवाट कुठं सुरू होते ते झाड, सगळं गोड आवाजात सांगितलेलं. शेवटी पुष्पांजली हसून म्हणत होती, "याला कुणीतरी टोपी शिवून द्या रे!" चाचीचे शब्द होते ते. चाचीचं नाव मात्र त्यात कुठंच नव्हतं. चाचीनं मोबाइल परत दिला आणि चुलीपुढं जाऊन बसली. त्या दिवशी ज्ञानेश्वरला कुणी चहा विचारला नाही.

रविवारी माणसांचा लोंढा आला. बुरजावर पाय ठेवायला जागा उरली नाही. हैदर हात जोडत होता, "आवाज नका करू बाप्पा, पिल्लू हाय." लोक त्यालाच फोटोसाठी मध्ये ओढत होते. मला त्याच्या गळ्यातून काढून घेतलं आणि हातोहात फिरवलं. कुणीतरी उडतं यंत्र सोडलं, ते घरघरत थेट कपारीपाशी गेलं. पिल्लाची आई उठली आणि दरीवर फिरत राहिली. खाली उतरायचं धाडस तिला झालं नाही. पुढच्या दिवसांतही तेच. वनखात्याची माणसं आली, त्यांनी पावसाळ्यापर्यंत बाहेरच्यांना वाट बंद केली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गर्दी हटल्यावर हैदरनं मला डोळ्याला लावलं. पिल्लानं अजून मान धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मान घरट्याच्या काठावर होती. तिसऱ्या दिवशी तिथं माश्या होत्या. मी ते सगळं जवळ आणून दाखवत होते, मला दुसरं काही येतच नाही. 

त्यानं पुष्पांजलीला फोन लावला. घरात सगळ्यांना ऐकू येत होतं. पिल्लू गेल्याचं त्यानं तिला सांगितलं.

"चाचा, खूप वाईट झालं हो. पण माझा हेतू वाईट नव्हता. इतकी सुंदर जागा जगाला कळायला नको का? तुमच्या भागाचंच भलं होईल."

"तू शपथ घेतली होती, बेटी."

"अहो, आधी नव्हतंच टाकणार मी. पण इतकं सुरेख आलं होतं की मला राहवलंच नाही."

हैदरनं फोन ठेवून दिला. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. सुरेख मी आणलं होतं. चाचीसाठी जीव ओतून केलेलं माझं काम तिनं उचललं आणि वाटेल त्याला वाटून टाकलं. त्या टपोऱ्या डोळ्यावर मी भाळले होते, याचा मला अजून राग येतो.

पावसाळ्यानंतर तिच्याकडून एक खोकं आलं. आत नवी कोरी, भारी दुर्बीण होती. मला वाटलं, आता माझी अडगळीत रवानगी. चाचीनं तिच्यावरून हात फिरवला, खोकं बंद केलं आणि आलं तसं परत धाडायला सांगितलं. त्यानंतर पाहुणे आले तरी चहा होई, पण चाची कुणाला काही विचारत नसे. एका म्हाताऱ्या बाईंनी आपण होऊन हिमालय सांगायला घेतला, तेव्हा ती भांडी घासायला उठून गेली.

हिवाळा आला आणि एका सकाळी चाचीनं मला खिळ्यावरून काढून स्वतःच्या गळ्यात घातलं. हैदर नको नको म्हणत होता. ती काठी टेकत, बसत, उठत, त्याच्या खांद्याचा आधार घेत बुरूज चढली. वर पोचून तिनं मला डोळ्याला लावलं. इतकी वर्षं मी त्या घरात होते, पण तिचा डोळा पहिल्यांदाच माझ्यापाशी आला. मऊ होता आणि कडेला सुरमा होता. अशा डोळ्याला काय दाखवू आणि काय नको असं मला झालं, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. कपार रिकामी होती. जोडी आली नव्हती. काटक्या खाली गळून गेल्या होत्या आणि दगडावर विष्ठेचे पांढरे ओघळ तेवढे राहिले होते.

"काय दिसलं?" हैदरनं विचारलं. सवयीनंच विचारलं त्यानं.

 चाचीनं मला खाली घेतलं आणि विचारलं, "ऐकता का, तिचा समुद्र तरी खरा होता का हो?"

हैदरनं समुद्र कधी पाहिला नव्हता.  मीही समुद्र पाहिलेला नाही. मी खिळ्यावरून फक्त ऐकला होता आणि तोही त्याच पोरीच्या तोंडून.

मित्रांनो, जगात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. ते जरूर पाहा आणि आल्यावर मन भरून सांगाही. पण कुणी विश्वासानं आपलं झाकलेलं उघडून दाखवलं, तर ते पाहून पुन्हा झाकून ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणी समुद्र पाहिला असेल, तर एकदा आमच्या वस्तीवर या. मोबाइल पिशवीत ठेवा. चाची विचारणार नाही, तरी तिच्यासमोर बसा आणि पायाखालची वाळू खरंच सरकते का, ते तिला सांगा.