हेस्टरचा कोट

"माझा कोट घाल," हेस्टर पलंगावरून म्हणाली. "तुझ्या अंगाला नुसता शाईचा वास. बिथरेल तो."

विनिफ्रेड दारातच घुटमळली. मुलांसाठी तट्टांच्या गोष्टींची डझनभर पुस्तकं तिच्या नावावर होती. डेव्हन परगण्याबाहेर ती फारशी कुणी वाचली नाहीत, पण घर चाललं. तट्टाला मात्र तिनं उभ्या जन्मात हात लावला नव्हता. लहानपणी एका लाथेनं जो धसका बसला, तो कायमचा. रपेट करायची धाकटी बहीण हेस्टर. संध्याकाळी चहा घेताना ती सांगायची आणि सकाळी ही टाइप करायची. पुस्तकातली तट्टं शर्यती जिंकत, म्हातारपणी हिरव्या कुरणात चरत. मरत मात्र कधीच नसत.

ज्याच्यावरून ती सुचली ते हेस्टरचं तट्टू, खरा बार्नबी, आता ठार आंधळा झाला होता, दात गेले होते. हिवाळा त्याला निघणार नव्हता. खाली अंगणात टॉझर बंदूक घेऊन आला होता. शिकारीची कुत्री त्याच्या ताब्यात असत आणि गावातली म्हातारी जनावरं गोळी घातल्यावर त्यांच्याच पोटात जात. त्याचं कुणाला काही वाटत नसे. नेमकं आत्ताच हेस्टरचं खुब्याचं हाड मोडलेलं.

"दावं टॉझर धरेल की," विनिफ्रेड म्हणाली.

"परक्या हातात मरू दे म्हणतेस? इतकी वर्षं त्याच्या जिवावर जेवलीस, विनी!"

ते वर्मी लागलं. विनिफ्रेडनं कोट घातला.

अंगणात बार्नबीनं नाकपुड्या फुलवल्या. तिनं दावं मुठीत आवळून धरलं.

"दावं सैल धरा, बाई," टॉझर म्हणाला. "आणि बोलत राहा काहीतरी."

काय बोलणार? तिनं त्याला त्याचीच गोष्ट सांगायला घेतली, पहिल्या पुस्तकातली. त्यानं तिच्या बाहीत तोंड खुपसलं. गोष्टीत कुरण यायच्या आतच बार झाला.

ती वर आली तेव्हा हेस्टर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"घाबरला?"

"तो नाही. मीच."

"कळलं का त्याला, मी नव्हे ते?"

खोटं रचण्यात विनिफ्रेडचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आज तिला ते जमेना.

"कळलं असावं. तरी बाहीतून तोंड काढलं नाही त्यानं."

हेस्टरनं हात पुढे केला. विनिफ्रेडनं कोट उतरवला. बाहीवर हिरवट लाळ अजून ओली होती.

"धुवायला टाकते."

"खबरदार!"

हेस्टरनं बाही गालाशी घट्ट धरली.

"बस इथे," ती म्हणाली. "आज तू सांग."