मामांच्या पिशवीतली उत्तर दिशा

मित्रांनो, मला कसंही धरा, आडवं फिरवा, गरगरा गोल घुमवा. क्षणभर मी डगमगेन, पण मग माझी सुई तिला जिकडे तोंड करायचं तिकडेच करील. हट्टीपणा म्हणा हवं तर. मी एक जुनं होकायंत्र आहे आणि हा हट्ट हेच माझं काम आहे. तळहातात मावेल एवढी पितळी डबी, वर काच, आत बारीक सुई, एवढाच माझा संसार. डोंगरात आणि रानात मुक्कामाला जाणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात, काउंटरवर मी राहतो. आज जे सांगणार आहे ते ऐकताना घाबरू नका. सगळे सुखरूप आहेत, नाहीतर मी इतक्या निवांतपणे सांगत बसलो नसतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. खिडकीजवळच्या बाकावर जाड चष्म्याच्या एक कारागीर बाई बसायच्या. त्यांच्या हातात येईपर्यंत माझी सुई म्हणजे पोलादाची साधी काडी होती. कुठेही तोंड करून पडून राहायची, तिला ना दिशेचं सोयर ना सुतक. बाईंनी तिच्यावरून एकाच बाजूने लोहचुंबक फिरवला आणि तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तिला टोकावर तोलून बसवलं तशी ती थरथरत वळली आणि उत्तरेकडे बघत राहिली. बाईंनी डबी फिरवून पाहिली, तरी सुई ढळली नाही. मग त्यांनी मला काच बसवली आणि दुसरं होकायंत्र हातात घेतलं.

पुढे मी अण्णांकडे आलो. अण्णा तेव्हा तरुण होते आणि लोकांना डोंगरात वाट दाखवायचं काम करायचे. मी दोरीने त्यांच्या गळ्यात असायचो. धुकं दाटलं की ते मला तोंडाजवळ धरून हळूच म्हणायचे, "बोल बाबा." मी बोलायचो. मागून येणाऱ्या माणसांचा जीव भांड्यात पडायचा आणि खाली उतरल्यावर जो तो मला हातात घेऊन बघायचा. पोरं तर माझ्यासाठी भांडायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग अण्णांचे गुडघे बोलू लागले. त्यांनी डोंगर सोडला आणि हे दुकान टाकलं. छताला टांगलेले तंबू, भिंतीवर दोरांची वेटोळी, फडताळात स्लीपिंग बॅगा आणि छोट्या शेगड्या, आणि सगळीकडे नव्या रबराचा वास. नवं होकायंत्र कोणी विकत घेऊ लागलं की अण्णा ते काउंटरवर माझ्यापासून हातभर लांब ठेवायचे. जवळ ठेवायचे नाहीत, कारण आम्ही होकायंत्रं एकमेकांच्या नादी लागतो आणि दोघंही कामातून जातो. दोघांच्या सुया एकाच बाजूला वळल्या तरच ते गिऱ्हाइकाच्या हातात पडायचं. घाईची माणसं कुरकुर करायची. अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

दुकानाच्या मागच्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि मशीनवर शिंपीमामा. फाटलेले तंबू शिवायचे, तुटलेल्या चेन बदलायचे, सॅकचे पट्टे पक्के करायचे. जाता-येता ते मला चिडवायचे. "माझी सुई दिवसभर धावते तेव्हा कुठे नीट म्हणतात. तुझी बसल्या जागी मान मिळवते." पण त्यांना माझा लळा होता आणि मला त्यांचा.

अण्णा थकले तसं दुकान त्यांच्या मुलीने हाती घेतलं. तिला सगळेच ताई म्हणतात. ताई हुशार आहे, कष्टाळू आहे, पण दिवस बदलले होते. लोक दुकानात यायचे, बूट घालून चालून बघायचे, तंबूत शिरून पाय पसरायचे, लेबलाचा फोटो काढायचे आणि घरी जाऊन तीच वस्तू मोबाइलवरून मागवायचे. ताई दाराकडे बघत राहायची. तिच्यामागे कामाचा इतका पसारा होता की नवी होकायंत्रं माझ्यासमोर ठेवून बघायला वेळच उरला नाही. कारखान्यातून तपासूनच येतात की, असं ती म्हणायची. त्यात चूक काय म्हणा. मी मात्र नकाशांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून बसलो. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत, एवढाच माझा उपयोग. मला वाईट वाटलं, हे सांगायला लाज कसली?

मग ताईच्या डोक्यात एक छान कल्पना आली. दोन माणसांच्या एका मुक्कामाला जे जे लागतं ते सगळं एकाच पिशवीत भरून ठेवायचं. तंबू, अंथरायच्या पट्ट्या, स्लीपिंग बॅगा, कंदील, शिट्टी, होकायंत्र. लोकांनी यावं, पिशवी उचलावी आणि निघावं. तिने पिशव्या भरल्या, फडताळात ओळीने लावल्या आणि पहिली पिशवी मामांना भेट दिली.

"मामा, तुम्ही हजार तंबू शिवले असतील. एकदा तरी तंबूत झोपला आहात का?"

"कधी झोपणार? तंबू इथे येतो तो फाटलेलाच."

मामांच्या बायकोला, म्हणजे मामींना, ही कल्पना पहिल्यांदा अजिबात पटली नाही. घरात पलंग असताना जमिनीवर झोपायला डोंगरावर कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. पण निघायच्या दिवशी त्याच आधी तयार होऊन दुकानात आल्या. "चेन तेवढी तपासा हो," त्या मामांना म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्या बसवल्यात, आपली अडकली तर हसं व्हायचं."

ताईने पिशवी काउंटरवर, अगदी माझ्या शेजारी आणून ठेवली. आणि मित्रांनो, माझी सुई सरकली. माझ्या मनात नसताना, कोणीतरी कान धरून ओढावं तशी ती पिशवीकडे वळली आणि तिथेच चिकटून राहिली.

मला लगेच कळलं. पिशवीतला कंदील नव्या तऱ्हेचा होता. त्याच्या बुडाला चांगला दणकट लोहचुंबक होता, म्हणजे तो गाडीच्या पत्र्यालाही चिकटावा. आणि त्याच कप्प्यात, त्या बुडाला टेकून, बिचारं नवं होकायंत्र कितीतरी दिवस पडून होतं. ज्या चुंबकाने आम्हाला शहाणं केलं, तोच असा अंगाला चिकटून बसला की आमची मती फिरवतो. मग उत्तर ती दक्षिण होते आणि दक्षिण ती उत्तर. वाईट हे, की त्या होकायंत्राला स्वतःला ते कळतही नाही. ते छातीठोकपणे चुकीचंच सांगत राहतं.

मी माझ्या परीने ओरडत होतो. आमचं ओरडणं म्हणजे काय, तर सुई भलतीकडे धरून ठेवणं. ताईने मला उचललं, माझ्या खालचा नकाशा काढून मामांना दिला, वाट समजावून सांगितली आणि मला परत ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. मामा-मामी हसत हसत बस पकडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहाला दुकानात आले. ताई एका गिऱ्हाइकासाठी दुसरी पिशवी काउंटरवर ठेवत होती. अण्णांना कप टेकवताना माझ्याकडे बघायची जुनी सवय. त्यांनी बघितलं आणि कप हातातच राहिला.

"हे असं काय बघतंय?"

"काय अण्णा?"

"पिशवी उघड जरा."

ताईने कंदील बाहेर काढला. अण्णांनी तो उजवीकडे नेला, माझी सुई उजवीकडे. डावीकडे नेला, सुई डावीकडे. त्यांनी कंदील दूर दाराशी ठेवायला लावला. मग पिशवीतलं नवं होकायंत्र काढून माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवलं. माझी सुई उत्तरेला गेली. त्याची बरोबर उलट.

ताईच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "मामांच्या पिशवीत हेच आहे," ती म्हणाली.

आता त्यात भीती कशाची, ते सांगतो. मामांचा मुक्काम होता डोंगरावरच्या खडकाळ सपाटीवर. तिथपर्यंत वाट चांगली मळलेली, पण वर खडकावर पावलं उमटत नाहीत. उतरायची वाट दक्षिणेला. उत्तरेला सपाटी एकदम संपते आणि खाली सरळ कडा. ऊन असलं तर आंधळाही चुकणार नाही. ताईने पायथ्याच्या खाणावळवाल्या बाईंना फोन लावला.

"शिंपीमामा ना? नाही बाई, अजून उतरले नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि वर सकाळपासून धुकं आहे. समोरचा माणूस दिसेना."

मामांचा फोन लागत नव्हता. ताईने ती पिशवी मागे ठेवली, गिऱ्हाइकाची माफी मागितली, मला नकाशांवरून उचललं आणि गाडी काढली. अण्णा दारापर्यंत आले. "कंदील जवळ ठेवू नकोस," एवढंच म्हणाले.

वाटभर ताईने मला मुठीत धरलं होतं. ती मध्येच स्वतःशी म्हणायची, "मीच भरली होती. माझ्या हाताने भरली होती." मला इतक्या वर्षांनी डोंगराचा वारा लागणार होता, पण त्याचा आनंद कुठला व्हायला? माझ्या डोळ्यांपुढे मामा होते. त्यांचा दुकानावर किती विश्वास होता ते मला ठाऊक होतं, आणि त्या विश्वासाचंच मला भय वाटत होतं.

पायथ्याला खाणावळवाल्या बाई दोर खांद्यावर टाकून तयारच होत्या. दोघी चढू लागल्या. सपाटीवर पाय ठेवला आणि सगळं पांढरं झालं. ताई थांबली. नकाशा बघितला, मला तळहातावर सपाट धरलं आणि माझी सुई स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभी राहिली. मी आयुष्यात कधी इतक्या नेटाने उत्तर धरली नव्हती. "चला," ती म्हणाली. थोडं चालायचं, थांबायचं, मला बघायचं, पुन्हा चालायचं. दर वेळी ती हाक मारायची आणि धुकं ती हाक गिळून टाकायचं.

मग पुढून शिट्टी ऐकू आली. बारीक, दमलेली, पण शिट्टीच. ताई पळत सुटणार होती, पण खाणावळवाल्या बाईंनी तिचा दंड धरला. "कडा आहे बाई. चालत."

तंबू दिसला. तंबूच्या दाराशी सॅकवर मामी बसल्या होत्या, अंगाभोवती स्लीपिंग बॅग, तोंडात शिट्टी. शेजारी मामा उभे, हातात ते बिचारं होकायंत्र. दोघांचं भांडण अजून चालूच होतं.

"सकाळपासून सांगतोय हिला, यंत्र दाखवतंय तिकडे दक्षिण आहे, तिकडेच उतरायचं," मामा ताईला म्हणाले. "ही जागची हलेल तर शपथ."

"कशी हलू? काल मावळतीचं ऊन याच दारातून माझ्या डोळ्यांवर येत होतं. मीच म्हटलं नाही का, चेन ओढा म्हणून? आणि आज यंत्र म्हणतं दार पूर्वेला आहे. म्हणजे काल सूर्य पूर्वेला मावळला का?"

"यंत्र आपल्या दुकानातलं आहे, चुकेल कसं?"

"मग जा एकटे. मी इथेच बसते आणि फुंकते."

मामांना एकटं जायचा धीर झाला नव्हता म्हणून, किंवा बायकोवर जीव होता म्हणून, ते थांबले होते. कारण काही असो, थांबले होते. ताई मटकन खाली बसली. तिने मामींचे दोन्ही हात धरले आणि हसत हसत रडू लागली. "मामा, मामींचंच खरं आहे. यंत्र बिघडलंय. मी ते कंदिलाशेजारी ठेवलं होतं. चूक माझी आहे."

मामांनी हातातल्या होकायंत्राकडे बघितलं, मग ते ज्या बाजूला निघाले होते त्या धुक्याकडे. ते हळूच म्हणाले, "पण ताई, तुम्ही आलात. सामान देऊन झाल्यावर मागोमाग कोण येतं हो?"

खाली उतरताना मी पुढे होतो, ताईच्या तळहातावर. मळलेली वाट सुरू झाली, धुकं विरलं, खाणावळीचं छप्पर दिसलं, तेव्हा मामींनी मोठा सुस्कारा सोडला आणि गरम चहा मागितला. ताईने तिथूनच अण्णांना फोन केला. "सापडले. दोघंही ठीक आहेत." पलीकडून अण्णांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं, कारखान्यात काच बसायच्या आधीसुद्धा नाही.

बिघडलेली होकायंत्रं अण्णांनी एकेक करून चुंबक फिरवून ताळ्यावर आणली. कंदील आता वेगळ्या खोलीत असतात. लोक अजूनही विचारतात, असं सामान कुठून घ्यावं. ताई म्हणते, कुठूनही घ्या, माझ्याकडूनच घ्या असं नाही. पण निघण्याआधी एकदा इथे आणून दाखवा. आणि परत आलात की कळवा, मी वाट बघते. गंमत म्हणजे हे ऐकल्यावर बरेच जण तिच्याकडूनच घेतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला मोबाइलजवळ, चुंबकाजवळ ठेवू नका. रानात नेण्याआधी उगवत्या सूर्यासमोर धरून त्याची परीक्षा घ्या. तो रागावणार नाही. आम्ही हट्टी असलो तरी आम्हालाही सांभाळावं लागतं. आणि आणखी एक. तुम्ही कोणाला वाट सांगितलीत, सामान दिलंत, किंवा नुसता सल्ला दिलात, तर ते माणूस घरी पोचलं का, एवढं विचारायला विसरू नका.