गोंदणावरून फिरलेली पेन्सिल

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. झिजून झिजून आता अंगठ्याएवढी उरली. पण मले पाहून लगेच वही काढू नका, मी जन्मात एक अक्षर लिहिलं नाही. माझं काम चेहऱ्याचं. नागपूरच्या इतवारीत गिरिधरभाऊंचा फोटो स्टुडिओ होता, तिथी मी निगेटिव्हवर चालत होती. अन् आज जे सांगणार आहे ते रागानं सांगणार आहे. गोडगोड बोलणं मले जमत नाही.

माती अन् शिसं भट्टीत भाजून, लाकडाच्या दोन फाकांत दाबून मले बनवलं. माझं शिसं मोठं कडक. स्टुडिओत आल्याबरोबर गिरिधरभाऊनं मले ब्लेडनं छिललं, अन् मग पॉलिश पेपरवर घासू घासू सुईसारखं टोक काढलं. लागलं मले. पण कामासाठी लागलं, म्हणून चूप राहिली.

आता माझं काम समजून घ्या. निगेटिव्हमधे सारं उलटं असते. गालावर काळा डाग असला, तर निगेटिव्हमधे तिथी काचेसारखी साफ जागा दिसते. त्या जागेवर मी टिंब टिंब टेकवत गेली, की कागदावर छापलेल्या फोटोत डाग गायब. म्हणजे मी काळी, पण जिथी बसते तिथी उजेड पडते. पोरींचे देवीचे वण मी भरले, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या भरल्या. कामठीचा एक हवालदार म्हणे, मिशी दाट करून द्या. अरे बावा, मले काळ्याचं पांढरं करता येते, पांढऱ्याचं काळं नाही! फोटो चांगला निघाला की लोकं म्हणत, "वा, काय कॅमेरा आहे!" माझं नाव कोणी घेतलं नाही. जाऊ द्या. माझा राग त्याच्यासाठी नाही.

चौऱ्याहत्तर साली गिरिधरभाऊंची पुतणी गोपिका हे काम शिकाले बसली. खिडकीपाशी उतरता टेबल, त्याच्यात धुरकट काच, खालून आरशानं उजेड वर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवाची, तिच्यावर कापसानं चिकट मिडियम पुसाचं म्हणजे शिसं धरते, अन् मग मले फिरवाचं. पहिल्या दिवशी पोरीनं मले असं दाबलं, की टोकच मोडलं.

"काका, झालं," ती म्हणाली.

गिरिधरभाऊनं भिंगातून पाहिलं. "काय झालं? गालावर ज्वारी पेरली काय तू? हातानं दाबू नको वं. पेन्सिलच्या वजनानंच पेन्सिल चालू दे."

शिकली मग. श्वास धरून काम करे. हात असा हलका झाला, की मी काचेवर आहे का हवेत, हे मलेच समजे ना. त्या हाताची मले लय माया होती, खोटं नाही सांगत. पण गिरिधरभाऊचा एक कायदा होता. "चेहऱ्यावर जे काळं दिसलं, ते खाऊन टाकाचं." दुसरं काही विचाराचं नाही.

एक दिवस सावनेरचा ताराचंद आला. हिंगण्याच्या कारखान्यात कामाले होता. त्याची माय, सत्यवती, वारली होती. जन्मात तिचा एकच फोटो निघाला होता, मेळ्यात, नवऱ्यासंगं जोडीनं. त्याच्यातून एकट्या मायचा मोठा करून पाहिजे होता, तेरवीच्या दिवशी फुलं वाहाले.

"जरा साफसूफ करून देजा, भाऊ. कंपनीतले लोकं येणार आहेत," ताराचंद म्हणाला.

गिरिधरभाऊनं जुन्या फोटोचा फोटो घेतला, मोठी निगेटिव्ह केली अन् गोपिकेसमोर ठेवली. पुरा चेहरा एकटीनं कराची तिची ही पहिली वेळ. हनुवटीपाशी येऊन ती थांबली. तिथी तीन ठिपके होते.

"काका, हे गोंदण होय ना?"

"काळं आहे ना? मग खाय."

अन् मले फिरवलं. मले विचारलं कोणी? त्या बाईच्या मायनं तिले मांडीवर दाबून धरलं असन, गोंदणारीनं सुया टोचल्या असन, पोरगी बोंबलली असन. तेवढं सारं मी एका घडीत भरून टाकलं. गिरिधरभाऊ म्हणाले, "शाब्बास! आता झाली तू कारागीर." असा संताप आला मले त्या शाब्बासकीचा!

तेरवीच्या आदल्या दिवशी ताराचंद फोटो न्याले आला. संगं त्याचा बाप, चंद्रभानजी. म्हाताऱ्यानं फोटो हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला.

"हे कोन व्हय गा?"

"माय होय ना, बाबा."

"तुही माय? मंग हिच्या हनोटीवर गोंदण काहून नाही?"

"काकाजी, साफ केलं आपण," गिरिधरभाऊ हसून बोलले. "चेहरा कसा खुलला पाहा!"

ताराचंद हळूच म्हणाला, "आता कोण गोंदण ठेवते, बाबा? चांगलं दिसून राहिलं."

"तुले मायच्या तोंडाची लाज वाटून राहिली काय?" म्हातारा असा कडाडला, की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. "मेल्यावर तुमी तिच्या नाकातलं काढलं, पायातले कडे काढले. मी बोललो नाही. गोंदण तेवढं तिच्यासंगं गेलं. थेच एक आपलं राह्यते म्हने तुही माय, कोनाले काढता येत नाही. अन् तुमी थेही काढून घेतलं? उद्या फुलं कोनाले वाहू मी? ह्या परकीले?"

फोटो त्यानं काउंटरवर पालथा ठेवला.

"आता काय होते, काकाजी?" गिरिधरभाऊ म्हणाले. "तेरवी तर उद्याच आहे. असाच न्या."

गोपिका उठली. "बसा, बाबाजी. काका, टर्पेंटाईन कुठी आहे?"

"गोपिके! पागल झाली काय? मिडियम निघालं की पुरा चेहरा पुसल्या जाईन. सारी मेहनत पाण्यात!"

"जाऊ द्या. चाकूनं खरवडलं असतं तर परत आलं नसतं. पेन्सिलचं काम आहे, पुसल्या जाते."

कापसाच्या एका फेऱ्यात तिचं आजवरचं सगळ्यात देखणं काम गेलं. माझंही. अन् सांगते मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मले स्वतःचं पुसणं गोड लागलं. सुरकुत्या आल्या, डाग आले, तिन्ही ठिपके आले. मग तिनं मेळ्यातला जुना फोटो म्हाताऱ्याच्या हाती दिला.

"तुम्ही सांगा, बाबाजी. हा कपाळावरचा?"

"चुलीतला निखारा उडला होता. राहू दे."

"ह्या डोळ्यापाशीच्या रेघा?"

"हासे ना थे! माह्यावरच हासे जास्त. राहू दे."

"अन् हा गालावरचा?"

म्हाताऱ्यानं लय वेळ पाहिलं. बोटानं चाचपलं. "हा नाही ओळखत मी. फोटोले ओल लागली असन. काढ."

तेवढाच काढला आम्ही. नवऱ्यानं न ओळखलेला तेवढा एक डाग.

सांजच्याला फोटो छापून, वाळून हातात आला. गिरिधरभाऊ तोंड फिरवून बसले होते. ताराचंद पुढं आला, पाहिलं, अन् त्याले रडूच फुटलं. म्हाताऱ्यानं फोटो धोतराच्या सोग्यानं पुसला, छातीशी धरला अन् फोटोतल्या तिले म्हणाला, "चाल वं, घरी."

मित्रांनो, पुढं रंगीत फोटो आले, एवढ्याशा निगेटिव्हवर मले पाय ठेवाले जागा नाही उरली, अन् मी डब्यात पडली. त्याचं दुःख नाही. राग याचा आहे, की लोकं अजूनही माय-बापाचे फोटो घेऊन फोटोवाल्याकडं जातात अन् म्हणतात, साफ करून द्या. कोणाले विचारून साफ करता, बे? आधी त्या चेहऱ्यासंगं जो माणूस जगला, त्याच्यापाशी जा, त्याच्या हाती फोटो द्या. तो म्हणाला हा डाग मी ओळखत नाही, तरच हात लावा. नाही तर पेन्सिल खाली ठेवा.