वहीतली एकच खाडाखोड

प्रयोगशाळेत मला सगळे 'काटा' म्हणतात. वीस वर्षं मी माध्यम बनवते, म्हणजे पेशी ज्यावर वाढतात ती जेली, आणि माझं वजन कणभरही चुकत नाही अशी ख्याती आहे. ती मीच पसरवली, हेही खरं.

तेव्हा आमच्याकडे वादळात उन्मळलेल्या एका पाइनच्या पेशी होत्या. झाड गेलं, त्याच्या कोवळ्या बीतल्या गर्भापासून वाढवलेला पांढरा, चिकट गोळा तेवढा मागे उरला. महाआळशी प्रकरण! नुसता फुगायचा, त्यातून गर्भ काही तयार व्हायचे नाहीत. आणि असा गोळा जुना झाला की पुढे कधीच होत नाहीत. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी जेलीतली साखर बदलली, संप्रेरक बदललं, अंधारात ठेवून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "अजून दोनदा बघू. मग हात टेकले."

पहिल्या खेपेची जेली करताना नणंदेचा फोन आला. पडदे निळे घ्यावेत की करडे, यावर आमची चांगलीच जुंपली. तणतणत परत आले आणि जेलीची पावडर पुन्हा मोजून घातली. ओतून झाल्यावर भांड्यात उरलेली जेली बघते तर खोडरबरासारखी घट्ट! पावडर दोनदा पडली होती. तरीही वहीत नेहमीचा आकडा लिहिला.

सात आठवड्यांनी मॅडमनी हाक मारली. सूक्ष्मदर्शकाखाली हस्तिदंती रंगाचे इवले गर्भ उभे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर कोवळ्या पानांचा मुकुट. मॅडमचे डोळे भरून आले होते.

"पेशींच्या उरलेल्या सगळ्या बशा आता याच जेलीवर," त्या म्हणाल्या. "वहीतली कृती बाकीच्या प्रयोगशाळांनाही पाठवते. त्यांचीही झाडं मरायला टेकलीत."

आमच्यापुरती पावडर गुपचूप दुप्पट घालता आली असती. पण त्या दुसऱ्या प्रयोगशाळांतले बिचारे माझ्या वहीवर विसंबून आपल्या शेवटच्या पेशी वाया घालवणार होते.

"मॅडम, वहीतला आकडा खोटा आहे. पावडर दोनदा पडली."

त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "घट्ट जेली, म्हणजे पाणी कमी मिळालं. बी पिकताना सुकतंच की! आपण उगाच त्यांचे लाड करत होतो." आणि माझ्याकडे वळल्या. "पण नक्की दुप्पटच ना?"

"मॅडम, माझं वजन चुकत नाही," मी फणकारले. बोलून गेल्यावर दोघींनाही हसू आवरेना.

त्यांनी वही पुढे सरकवली. मी आकडा खोडला, खरा लिहिला, शेजारी 'चूक माझी' लिहून सही केली. वीस वर्षांतली ही पहिली खाडाखोड.

"स्वच्छ प्रत काढून देऊ पाठवायला?" मी विचारलं.

"नको. नुसता दुप्पट आकडा बघितला तर लिहिण्यातली चूक समजून ते तो दुरुस्त करतील."

सगळीकडे तेच पान गेलं, माझ्या सहीसकट.