घमेल्यातली दुपार

काकूने बाळाचा पाय घोट्याशी धरून ठेवला होता आणि नर्स पावलावर चिकटपट्टी गुंडाळत होती. सुई जागची हलू नये म्हणून खाली पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. दहा महिन्यांचं ते पाऊल एरवी हवेत सायकल मारायचं. आज मुठीत नुसतं पडून होतं.

"लाथ मार की रे भोपळ्या," ती पुटपुटली. "एक तरी."

"ताप उतरू दे, तुमच्याच नाकावर मारेल," नर्स म्हणाली.

खिडकीपाशी बाळाची आई उभी होती, काकूची धाकटी जाऊ. कालपासून तिने केस विंचरले नव्हते.

डॉक्टरीणबाई आल्या त्या थेट बाळाच्या पोटावर हात ठेवूनच बोलू लागल्या. "रक्तात जंतू वाढलाय. पोटात सापडता तर नवल नव्हतं, पण रक्तात हा क्वचित उतरतो. कासवं, सरडे, असल्यांच्या अंगावर असतो हा. घरात काही पाळलंय?"

"कासव आहे, पण वरच्या मजल्यावर, वहिनींकडे," जाऊ म्हणाली. "हा त्याच्या जवळ जात नाही." मग तिने काकूकडे पाहिलं. "जात नाही ना, वहिनी?"

आवाजात संशय नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

काकूच्या घरात पाळणा कधी हललाच नव्हता. जाऊ कामावर जाताना बाळाला वर आणून द्यायची, आणि जिन्यात तिच्या चपला वाजल्या की काकूचा दिवस उजाडायचा. पहिल्याच दिवशी जाऊ हसत हसत म्हणाली होती, "कासवाला हात लावू द्यायचा नाही हं. नाहीतर मी आपली पाळणाघर बघते." हसत म्हणाली होती, पण म्हणाली होती.

मग दात यायला लागले. दुपारी बाळ रडून रडून लालबुंद व्हायचं. मांडीवर नको, खांद्यावर नको. एकदा तिने हरून त्याला कासवाच्या घमेल्यात बसवलं. पाण्यावर थाप मारून तो असा खिदळला, की तीही पाण्याशेजारी बसून एकटीच हसत सुटली. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळपर्यंत अंग कोरडं, झबलं बदललेलं. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"गेला असला जवळ," काकूने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तर औषध बदलावं लागेल?"

"औषध तेच. पण आला कुठून ते कळलं नाही, तर घरी जाऊन पुन्हा होईल. दर वेळी रक्तावरच भागेल असं नाही. मेंदूकडे जातो, हाडांत जातो."

काकूने बाळाचं पाऊल हळूच पांघरुणावर ठेवलं.

"मी त्याला कासवाच्या पाण्यात बसवते. रोज दुपारी. ओले हात तोंडात घालायचा. मी पुसायची, पण घालायचाच."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. कासव हलवा, ती जागा घासून घ्या," एवढं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. नर्सही ट्रे उचलून त्यांच्या मागे गेली.

"रोज?" जाऊने विचारलं.

"रोज."

"तरीच झबलं बदललेलं असायचं. मला वाटायचं, किती टापटीप ठेवतात."

काकूने पिशवी काखेला मारली.

"कुठे निघालात?"

"कासवाला कुणाच्या तरी गळ्यात बांधून येते."

"ते भाऊजी करतील." जाऊ खिडकीबाहेर बघत राहिली. "त्याचं नाव मी पाळणाघरात घालणार आहे, वहिनी. आता माझा जीव लागायचा नाही कामात."

"घाल. घालायलाच हवं."

बाळ कुरकुरलं. मग ओठ काढून रडायला लागलं. जाऊ जागची हलली नाही. खिडकीची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"त्या बेसिनवर साबण आहे," ती म्हणाली. "कोपरापर्यंत धुवा."

काकूने पिशवी खाली ठेवली आणि नळ सोडला. तिने बोटांच्या बेचक्या घासल्या, नखं घासली, बांगड्या वर सारून मनगटं घासली. फेस धुऊन टाकला आणि पुन्हा साबण घेतला. कातडी लाल झाली.

"पुरे," मागून आवाज आला. "रडतोय ना तो."

कपड्यांना हात पुसायचा धीर तिला झाला नाही. दोन्ही हात समोर धरून, थेंब गळू देत, ती खाटेपाशी जाऊन उभी राहिली. हात वाळायला एवढा वेळ कधीच लागला नव्हता.